‘शार्लट्स वेब’, आबा आणि एकविसावा चॅप्टर

ओळखीच्या दोघीतिघी आयांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं की शार्लट्स वेब मुलीला वाचून दाखवणार असशील तर शेवटच्याच्या अलीकडचा चॅप्टर गाळ, पोरं फार रडतात, रात्री झोपत नाहीत, आणि नंतर कुठलाही कोळी दिसला की पुन्हा सुरू होतं. त्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांनी स्वतः हे सगळं निभावलेलं होतं. पण मी ते पुस्तक आधी एकटीने वाचून काढलं (मी कोल्हापूरची, लहानपणी हे पुस्तक माझ्या हातात आलंच नाही, इथे बोस्टनजवळ राहायला आल्यावर लायब्ररीत भेटलं) आणि वाचून झाल्यावर पक्कं ठरवलं की वाचायचं तर पूर्ण, एक ओळसुद्धा न गाळता. गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, सहा महिन्यांसाठी आले होते, त्यामुळे तिघांचं मिळून ते वाचन झालं, आणि ते कसं झालं ते सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ई. बी. व्हाइटचं १९५२ सालचं पुस्तक, चित्रं गार्थ विल्यम्सची, एकूण २२ चॅप्टर. विल्बर नावाचं डुकराचं पिल्लू, वेतातलं सगळ्यात खुरटं, म्हणून जन्मल्या जन्मल्या मारलं जाणार असतं, आठ वर्षांची फर्न त्याला वाचवते, बाटलीने दूध पाजून वाढवते, मग तो सहा डॉलरला तिच्या मामाला, होमर झुकरमनला विकला जातो आणि मामाच्या गोठ्यात राहायला जातो. तिथे त्याला म्हातारी मेंढी सांगून टाकते की तुला हे जे खाऊपिऊ घालतायत ते थंडी पडली की कापायला. आणि मग गोठ्याच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात राहणारी शार्लट, एक राखाडी कोळी, त्याला म्हणते की मी तुला वाचवीन, आणि आपल्या जाळ्यात शब्द विणून खरंच वाचवते. शेवटी ती मरते. तोच तो एकविसावा चॅप्टर.

माझी मुलगी मनू आठ वर्षांची. रात्री जेवणं झाली की एक चॅप्टर, कधी लहान असले तर दोन, असं आमचं ठरलं. आबांना इंग्रजी तुटकतुटक कळतं, त्यामुळे मनूने स्वतःहून काम घेतलं की दुसऱ्या दिवशी दुपारी ती आबांना आदल्या रात्रीचा भाग मराठीत सांगणार. तिचं मराठी इथल्या मुलांचं असतं तसंच, क्रियापदं कुठेही, पण गोष्ट पोचायची. आबा सांगली जिल्ह्यातले, अख्खं आयुष्य म्हशी, बैल, शेळ्या यांच्यात गेलेलं, आणि मला वाटलं होतं की नातीचं मन राखायला ते ऐकून घेतील. पण पहिल्याच दिवशी वाद झाला. पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की फर्न सकाळी नाश्त्याची तयारी करता करता आईला विचारते, बाबा ती कुऱ्हाड घेऊन कुठे चाललेत. मनूने हे आबांना सांगितलं आणि वर म्हणाली की फर्नचे बाबा दुष्ट आहेत. आबा म्हणाले, "दुष्ट कशापायी गं? वेतात एवढी पिल्लं असली की एक असं ऱ्हातंच, त्येला सड मिळत न्हाई, ते आठ दिसात आपोआप जातंय, तडफडून. त्यो माणूस त्येच्या हिशोबानं वावगं करत न्हाई." मनू चिडली, म्हणाली, "पण आबा, फर्नने तर त्याला बाटलीने दूध पाजलं आणि तो जगला!" तर आबा म्हणाले, "तर! बाटलीनं जगतंय की. मीबी जगवलंय एक करडू. पण त्येला दर दोन तासानं उठावं लागतंय, ते कोण करणार ते आधी ठरवायचं." आणि पुस्तकात नेमकं तेच आहे, फर्नचे बाबा तिला म्हणतात की ठीक आहे, तूच वाढव, मग कळेल किती त्रास असतो. मनूने आपण होऊन पुस्तक उघडून ते वाक्य शोधून आबांना दाखवलं. त्यानंतर फर्नच्या बाबांना कुणी दुष्ट म्हटलं नाही.

मला तिथेच हे पुस्तक जास्त आवडायला लागलं. त्यात वाईट माणूस असा कुणी नाहीच. झुकरमन पण प्रेमळ आहे, त्याचा गडी लर्वी पण, आणि तरीही डिसेंबरात डुक्कर कापायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे, कारण फार्म तसंच चालतं. मुलांच्या पुस्तकात हे इतकं सरळ सांगणं सोपं नाही.

तिसऱ्या चॅप्टरची सुरुवात गोठ्याच्या वासाने होते. गवताचा वास, शेणखताचा, दमलेल्या घोड्यांच्या घामाचा, गाईंच्या श्वासाचा, शिवाय धान्याचा, चाकाच्या वंगणाचा, नव्या दोरखंडाचा, रबरी बुटांचा, आणि मांजराला माशाचं डोकं दिलं असेल तर माशाचा. हा पॅरा मी वाचत होते आणि आबा दारातून पाण्याचा तांब्या घेऊन चालले होते, ते थांबले, मला म्हणाले काय वाचतेस ते मराठीत सांग. मी एकेक वास सांगत गेले. ते खाली बसले आणि म्हणाले, "ह्या माणसानं स्वता शेण काढल्यालं हाय." त्या रात्रीपासून आबा वाचनाला खोलीतच बसायला लागले, मी एक पान इंग्रजीत वाचायचे, मग मनू किंवा मी दोन वाक्यांत मराठीत सांगायचो, त्यामुळे वेग अर्ध्यावर आला पण ते फार बरं झालं, कारण हे पुस्तक भराभर वाचायचं नाहीच. विल्बरच्या खाण्याच्या याद्या येतात ना, त्या मी एरवी नुसती नजर टाकून सोडल्या असत्या. सकाळचा नाश्ता म्हणजे साय काढलेलं दूध, पावाच्या कडा, कोंडा, डोनटचे तुकडे, मेपल सिरप लागलेले केकचे तुकडे, बटाट्याची सालं, उरलेलं बेदाणे घातलेलं कस्टर्ड. दुपारच्या जेवणात तर सफरचंदाच्या आणि गाजराच्या सालींबरोबर चीजच्या पाकिटाचा कागदसुद्धा आहे. आबांना प्रत्येक गोष्ट ऐकायची होती, आणि ऐकून ते वजन किती वाढेल याचा अंदाज सांगायचे.

आबांचं बरोबर होतं, व्हाइटने खरंच शेण काढलेलं होतं. तो न्यूयॉर्कमधला नावाजलेला लेखक, न्यूयॉर्कर मासिकात लिहिणारा, पण १९३३ मध्ये त्याने आणि बायको कॅथरीनने मेन राज्यात नॉर्थ ब्रुकलिनला समुद्राकाठी फार्म घेतलं आणि तिथे मेंढ्या, कोंबड्या, गूस (हंसासारखी मोठी बदकं), डुकरं सगळं पाळलं. दर वर्षी वसंतात पिल्लू आणायचं, उन्हाळाभर वाढवायचं, थंडीत कापायचं, असा तिथला रिवाजच. एका वर्षी त्याचं डुक्कर आजारी पडलं, त्याने रात्री जागून त्याची सेवा केली, तरी ते मेलं, आणि त्यावर त्याने ‘डेथ ऑफ अ पिग’ नावाचा लेख लिहिला, तो १९४८ च्या जानेवारीत अटलांटिक मासिकात आला. ज्याला आपण कापणारच होतो त्याच्या मरणाने आपण इतके का हललो, हा त्या लेखातला सल आहे. मी तो लेख मनूला वाचून दाखवला नाही, पण आबांना सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आजारी जनावराजवळ एक रात्र काढली की ते आपलं होतं, मग विकता येत नाही.

आता कोळ्याबद्दल, कारण मनूला कोळ्यांची भीती होती आणि माझी खरी काळजी ती होती. शार्लट पाचव्या चॅप्टरमध्ये येते आणि आल्या आल्या एका माशीला गुंडाळते आणि विल्बरला सांगते की मी रक्त पिते. व्हाइट तिला गोंडस करत नाही. विल्बरला किळस येते, त्याला वाटतं ही कसली क्रूर मैत्रीण मिळाली, आणि ती शांतपणे म्हणते की माझी आई हेच करायची, तिची आई पण, आणि आम्ही किडे खाल्ले नाहीत तर जगात किडेच किडे होतील. मनूने विचारलं, खरंच असं असतं? मग आम्ही शोधाशोध केली. शार्लटचं पूर्ण नाव शार्लट ए. कॅव्हॅटिका, आणि बार्न स्पायडरचं, म्हणजे गोठ्यात सापडणाऱ्या या कोळ्याचं, शास्त्रीय नाव अ‍ॅरेनिअस कॅव्हॅटिकस, म्हणजे तिच्या नावातच तिची जात आहे. व्हाइटने लिहिण्याआधी कोळ्यांवरची जाडजूड पुस्तकं वाचली, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले कोळ्यांचे तज्ज्ञ विलिस गर्च यांचा सल्ला घेतला, आणि चित्रकारालाही कोळ्यांवरचं पुस्तक पाठवलं. शार्लट विल्बरला आपल्या पायाचे सात भाग घडाघडा म्हणून दाखवते, कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस. ते सगळे खरे आहेत. मनूने ते पाठ केले आणि आबांनाही पाठ करायला लावले, आबा टार्ससपर्यंत पोचायचे नाहीत, ट्रोकँटरलाच अडायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, अंड्यांचा कोष. व्हाइटने आपल्या फार्मवरच्या शेडमध्ये एक मोठी राखाडी कोळी कोष विणताना पाहिली, शिडी लावून, दिवा धरून. नंतर न्यूयॉर्कला जायची वेळ आली तेव्हा ब्लेडने तो कोष अलगद कापून चॉकलेटच्या रिकाम्या खोक्यात ठेवला आणि घेऊन गेला. झाकणाला भोकं होती. खोका बेडरूममधल्या कपाटावर. काही आठवड्यांनी बारीक बारीक पिल्लं भोकांतून बाहेर आली आणि त्याच्या केसांच्या ब्रशपासून आरशापर्यंत, नखांच्या कात्रीपर्यंत धागे ताणायला लागली. त्याने दोन आठवडे ते तसंच राहू दिलं, धूळ पुसणाऱ्या बाईंनी नको म्हटल्यावरच काढलं. ही गोष्ट मनूला पुस्तकाइतकीच आवडली.

ऑगस्टमध्ये आमच्या पोर्चच्या दिव्याजवळ एक गोल जाळं विणणारी कोळी आली. तीच जात का ते मी छातीठोक सांगू शकत नाही, पण अंगाने तशीच राखाडी-तपकिरी आणि पायांवर पट्टे. संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला ती बाहेर यायची. आम्ही तिघं खुर्च्या टाकून बघायचो. आधी चाकाच्या आऱ्यांसारखे सरळ धागे, मग मधून बाहेर जाणारी एक विरळ वेटोळी, तो फक्त आधार, आणि मग ती बाहेरून आत यायला लागायची, मागच्या एका पायाने धागा ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढे, पुन्हा टेकवायचा, आणि आता जो धागा असायचा तो चिकट. जाता जाता जुनी आधाराची वेटोळी ती काढून टाकायची. प्रत्येक टेकवण्याला पोट जरासं खाली वाकायचं, शिवणयंत्राच्या सुईसारखं एका लयीत. तेराव्या चॅप्टरमध्ये शार्लट रात्री जाळ्यात शब्द विणते तेव्हा ती स्वतःशीच बोलत असते, इथे चिकटव, धागा सोड, आता खाली, आता वळ, आणि कोरडा धागा कुठे, चिकट कुठे हे पण ठरवते. आमच्या पोर्चवर बसून तो चॅप्टर वाचला तेव्हा मनू माझ्या वाचण्याच्या आधीच पुढची पायरी सांगत होती. भीती कधी गेली ते आम्हाला कळलंही नाही. एकदा सकाळी जाळं नाहीसं झालेलं दिसलं तर तिने मलाच समजावलं, आई, काळजी करू नको, त्या जुना धागा खाऊन टाकतात आणि पुन्हा वापरतात.

शब्दांचा भाग बहुतेकांना माहीत असतो, त्यावर फार लिहीत नाही. जाळ्यात चार वेळा मजकूर येतो, पहिला शार्लटच्या डोक्यातला, बाकीच्यांसाठी शोधाशोध होते, एक शब्द गूस सुचवते, दुसरे टेम्पलटन नावाचा उंदीर उकिरड्यावरून मासिकांचे तुकडे, साबणाच्या खोक्यावरची जाहिरात आणून देतो. टेम्पलटन फुकट काही करत नाही, प्रत्येक वेळी त्याला विल्बरच्या डोणीतलं काहीतरी हवं असतं. आबांचा तो सगळ्यात लाडका. ते म्हणायचे, गावात एक तरी असा लागतोच. पण मला जास्त मोलाचे वाटतात ते डॉक्टर डोरियन. फर्नची आई घाबरून त्यांच्याकडे जाते, की माझी मुलगी म्हणते प्राणी बोलतात, आणि ते म्हणतात की मी कधी प्राण्यांना बोलताना ऐकलं नाही, पण याचा अर्थ ते बोलत नाहीत असं नाही, मीच नीट लक्ष दिलं नसेल. आणि जाळ्यातल्या शब्दांच्या चमत्काराबद्दल ते म्हणतात की शब्दांचं सोडा, ते जाळं विणलं जातं हाच चमत्कार आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही. पोर्चवर बसून हे वाचणं म्हणजे, काय सांगू.

पुस्तकाचा शेवटचा मोठा भाग जत्रेत घडतो, आणि त्या जत्रेमागे खरी जत्रा आहे, मेनमधली ब्लू हिल फेअर. ती दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या वीकेंडला भरते, व्हाइटच्या फार्मपासून जवळच. आम्ही मुद्दाम वाचन असं खेचत आणलं की विल्बरला जत्रेला न्यायची तयारी सुरू होते तिथे आम्ही थांबलो आणि गाडी काढली. बोस्टनहून साडेचार-पाच तास. व्हाइटचं घर खाजगी मालकीचं आहे, तिथे आम्ही गेलो नाही आणि जाऊही नये. पण तो सगळा भाग, खाडीचं पाणी, दगडी कुंपणं, लाकडी गोठे, गोठ्यांच्या मोठ्या सरकत्या दारांवरचा तो वरचा कोपरा, आबा गाडीतून बोट दाखवत होते, हितं असंल ती, हितं.

जत्रेत आबा सरळ जनावरांच्या शेडकडे. आमच्याकडे गावात डुकरं उकिरड्यावर फिरणारी, त्यामुळे आबांच्या मनात डुकराची प्रतिमा तीच होती, आणि इथे भुशावर झोपलेली, घासूनपुसून स्वच्छ, कानांच्या आतून गुलाबी डुकरं. पुस्तकात झुकरमनच्या बायकोने विल्बरला ताकाने आंघोळ घातलीय, त्यावर आबांचा विश्वास नव्हता, ताक असं ओतायचं असतं का म्हणून, इथे बघितल्यावर म्हणाले, घातली असंल. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आपल्या डुकराजवळ भुशावर बसून ब्रशने त्याची पाठ घासत होता. आबांनी मनूला विचारायला लावलं की याचं पुढे काय करणार. तो म्हणाला विकणार, आणि म्हणताना ब्रश थांबला नाही. मनू काही बोलली नाही. परत येताना गाडीत म्हणाली, त्याला पण माहितीये ना मग. मी म्हटलं, हो. तिने त्या दिवसापासून घरात पेपरोनी (त्यात डुकराचं मांस असतं) खाणं बंद केलं, आम्ही त्यावर काही चर्चा केली नाही, तिचं तिने ठरवलं.

पाळण्यात, म्हणजे त्या मोठ्या चक्राकार पाळण्यात आम्ही बसलो आणि त्या रात्री मोटेलमध्ये पुढचे चॅप्टर वाचले. इथे मनूचा दुसरा राग बाहेर आला, फर्नवर. कारण ज्या फर्नने विल्बरला वाचवलं ती जत्रेत हेन्री फसी नावाच्या मुलाबरोबर पाळण्यात बसण्यात रमलीय, विल्बरला बक्षीस मिळण्याच्या क्षणीसुद्धा तिचं लक्ष पाळण्याकडे आहे. मनूच्या मते हा सरळ विश्वासघात. मी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. मला वाटतं व्हाइटला ते दाखवायचंच होतं, मूल मोठं होतं आणि गोठ्यातल्या स्टुलावरून उठून जातं, आणि ते कुणाचंही वाईट करून नाही. फर्न आधीच्या मसुद्यांत नव्हतीच म्हणे, पुस्तक जवळजवळ तयार झाल्यावर व्हाइटने काही काळ ते बाजूला ठेवलं आणि मग फर्नला आत आणलं. मनूला हे सांगितलं तर म्हणाली, मग परत काढायची ना.

एकोणिसाव्यात शार्लट कोष विणून पूर्ण करते, पीच रंगाचा, आत ५१४ अंडी. विसाव्यात विल्बरला खास बक्षीस, मेडल आणि पंचवीस डॉलर, म्हणजे आता त्याला कुणी कापणार नाही. आणि त्यानंतर एकविसावा.

तो आम्ही घरी आल्यावर वाचला, शनिवारी सकाळी, मुद्दामच सकाळी. व्हाइटने १९७० मध्ये हे पुस्तक स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलंय, आणि शार्लटच्या मरणाचा भाग वाचताना त्याचा आवाज इतक्यांदा भरून आला की सतरा टेक घ्यावे लागले असं सांगतात, सत्तरीतला माणूस, स्वतःच लिहिलेलं. ते मला माहीत होतं, म्हणून मी ठरवलं होतं की आवाज भरून आला तर येऊ द्यायचा, थांबायचं आणि पुन्हा पुढे जायचं. शार्लट विल्बरला सांगते की मी गोठ्यात परत येणार नाही. विल्बर आकांत करतो, म्हणतो मग मीही इथेच राहतो. मनूने मला थांबवलं. ती म्हणाली, "तो तिला क्रेटमध्ये घेऊन का नाही जात? ती छोटीशी तर आहे." (क्रेट म्हणजे विल्बरला जत्रेला आणलं ती लाकडी पेटी.) आम्ही एक पान मागे गेलो. शार्लट सांगते की मला खाली क्रेटपर्यंत उतरायचीही ताकद नाही, आणि स्वतःला जमिनीपर्यंत सोडण्याइतका धागाही आता माझ्यात उरला नसेल. मनूने ते वाक्य स्वतः पुन्हा मोठ्याने वाचलं. तिला पोर्चवरची कोळी माहीत होती, धागा कुठून येतो आणि किती लागतो ते तिने पाहिलेलं होतं, त्यामुळे तिला हे लगेच कळलं, माझ्याहून लवकर.

मग टेम्पलटनला लाच देऊन कोष वरून काढवणं, विल्बरने तो तोंडात जिभेवर ठेवणं, त्यामुळे निरोपाला त्याला बोलता न येणं, फक्त डोळा मिचकावणं, आणि शार्लटने सगळी शक्ती गोळा करून पुढचा एक पाय हलवणं. आणि शेवटचा पॅरा, जत्रा उठलीय, शेड रिकामे, पाळण्याचे भाग सुटे करून नेतायत, आणि इतक्या शेकडो लोकांतल्या कुणालाही माहीत नाही की सगळ्यात मोठं काम एका कोळ्याने केलं, आणि ती गेली तेव्हा तिच्याजवळ कुणीच नव्हतं. मी वाचलं. मनू रडली, हमसून, आणि मीही. तिला जवळ घेतलं पण उगीच काही बोलले नाही.

आबांना मराठीत सांगायचं राहिलं होतं. मनूनेच सांगितलं, रडत रडत, तुटक. आबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोष नीट ठेवला का त्येनं? थंडीत टिकंल का?" मला वाटलं हे काय विचारतायत या वेळी. पण मनूने नाक पुसलं आणि सांगायला लागली, की अंडी हिवाळ्यात तशीच राहतात आबा, वर मजबूत वेष्टण असतं, ओलं होत नाही, आणि वसंतात बाहेर येतात. आबा म्हणाले, "मग ठेवायचा कुठं? वारं लागाय नको." ती म्हणाली, खताच्या ढिगाजवळ ऊब असते. दोघं बराच वेळ त्याच बोलण्यात होते. जन्मभर जनावरांची बाळंतपणं केलेल्या माणसाला आई गेल्यावर पहिला प्रश्न पिल्लांचाच पडतो, आणि बाविसाव्या चॅप्टरमध्ये विल्बर नेमकं तेच करतो, शेणखताच्या उबेत एका कोपऱ्यात कोष ठेवतो, कडक थंडीत त्यावर आपला श्वास सोडतो. आबांनी पुढचं वाचलेलं नव्हतं.

शेवटचा चॅप्टर आम्ही त्याच दिवशी दुपारी जेवण झाल्यावर वाचला. पिल्लं बाहेर येतात, विल्बरला आनंद, आणि मग एका उबदार वाऱ्याच्या दिवशी एकेक पिल्लू उंचावर चढून, धागा हवेत सोडून उडून जातं. (हे पण खरंच असतं, कोळ्यांची पिल्लं अशी धाग्यावर तरंगत लांब जातात.) विल्बर रडून रडून झोपतो, आणि उठतो तर तिघी राहिलेल्या, जॉय, अरेनिया आणि नेली. मनू म्हणाली, तीन पुरे आहेत.

भारतातून काही ओळखीच्यांनी मला विचारलं की हे कोणत्या वयाला वाचावं, म्हणून माझ्या अनुभवाने सांगते. सात-आठ वर्षं बरोबर वाटतात, मुलाने एकट्याने वाचण्याऐवजी मोठ्याने वाचलेलं बरं, आणि घरात कुणी शेती-जनावरं केलेलं असेल तर त्यांना सोबत बसवाच, आजीआजोबा असतील तर उत्तमच, कारण पुस्तकातले अर्धे प्रश्न आपल्याला सुटत नाहीत आणि त्यांना सुटतात. सिनेमे दोन आहेत, १९७३ चा कार्टून आणि २००६ चा, ते नंतर बघा. आणि एकविसावा चॅप्टर रात्री झोपताना घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्या, आणि बाविसावा त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत.